मिचुहोलचं मचूळ पाणी

आमच्या राज्याला बेक्जे हे नाव कसं पडलं, ते पिकाच्या सणाला गाणारे लोक मोठ्या रंगात येऊन सांगतात. आधी धाकट्या राजपुत्रांबरोबर दहा सरदार होते, म्हणून राज्याचं नाव दहांचं. पुढे समुद्राकडची शेकडो माणसं आनंदाने येऊन मिळाली, म्हणून ते शंभरांचं, म्हणजे बेक्जे, झालं. गाणारा ‘आनंदाने’ म्हणाला की ढोल वाजतो आणि सगळे ओरडतात. माझी येसुल मावशी नेमकी तेव्हाच उठून बाहेर जायची. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, “मी आलेय त्या रस्त्याने. आनंद काही मला भेटला नाही बाई.”

ती कशी आली ते मला तिने आणि आईने मिळून सांगितलं. तुकड्यातुकड्याने, आणि बऱ्याच वेळा एकमेकींचं खोडून काढत.

माझी आई येरान थोरली, येसुल धाकटी. माहेर उत्तरेचं, जिथे हिवाळ्यात नदीवरून बैलगाडी जाते. तिथल्या गादीवर सावत्र भाऊ बसला, तेव्हा दोन्ही राजपुत्र आपली आई आणि आपली माणसं घेऊन दक्षिणेला निघाले. माणसं म्हणजे आमच्यासारखी घरं. कोणाला कोणी विचारलं नव्हतं. ज्याचं अन्न खायचं त्याच्यामागून चालायचं, एवढंच. माझे वडील गारू सुतार, ते धाकट्यांच्या पदरी. येसुलचा नवरा मुगोन थोरल्यांचे घोडे सांभाळायचा. वाटभर दोघी बहिणी एकाच गाडीमागून चालल्या. येसुलच्या पाठीवर तिची चिबी, नुकती पाय टाकायला लागलेली. आईच्या पोटात मी.

मोठ्या नदीजवळच्या डोंगरावर चढून सरदारांनी सगळा मुलूख पाहिला आणि सांगितलं, राहायचं तर इथे, नदीकाठी. धाकट्यांना ते पटलं. थोरल्यांना समुद्र हवा होता. त्याच दिवशी माणसांची वाटणी झाली.

येसुलला वाईट वाटत होतं, पण ती घाबरली नव्हती. उत्तरेत मीठ म्हणजे सोनं. सासू चिमटीने मोजून द्यायची. आता मिठाच्या दारात राहायला जायचं होतं. मुगोन तर हवेतच होता. माझ्या वडिलांना म्हणाला, “साडूभाऊ, मीठ लागलं की निरोप पाठवा. बेडकं अळणी खाऊ नका.”

“पाठवतो ना. तोवर तू घोड्यांना पोहायला शिकव,” वडील म्हणाले.

आईने येसुलच्या पाठीवरचं फडकं घट्ट केलं. “हिला ओलीत ठेवू नकोस. छाती कच्ची आहे तिची.”

“माझं राहू दे ताई, तू पहिलटकरीण आहेस. जड काही उचलू नकोस.”

मग एक गाडी पूर्वेला गेली, एक पश्चिमेला.

समुद्रकाठच्या मिचुहोलला पोचल्यावर पहिले काही दिवस खरोखरच सणासारखे गेले. ओहोटी लागली की नजर पोचेल तिथपर्यंत चिखल उघडा पडायचा आणि त्यात हात घालावा तिथे शिंपल्या. खेकडे पळत सुटायचे, बाया हसत त्यांच्यामागे. पण घर खोदायला घेतलं आणि मुगोनची कुदळ थांबली. आमची घरं अर्धी जमिनीच्या पोटात असतात, त्यामुळे थंडी लागत नाही. इथे गुडघाभर खोदलं की खालून पाणी झिरपायचं. त्याने दगड घातले, गवत घातलं, वर माती चोपली. सकाळी पुन्हा ओल. चुलीचा धूर भिंतीतल्या नळातून फिरवून जमीन तापवायची आमची रीत, पण ओल्या जमिनीतून नुसती वाफ यायची. येसुलची सासू ओहाल म्हणायची, “आपण घरात राहतो की भातासारखे शिजतोय?”

मग पाणी. पहिली विहीर गोड लागली, लोकांनी डुक्कर कापलं. पौर्णिमेची मोठी भरती येऊन गेली आणि तीच विहीर मचूळ झाली. दुसरी जरा आत खणली, तीही तशीच. पेरलेला राळा वीतभर वाढला आणि टोकापासून पिवळा पडत गेला. येसुलने सोयाबीन आंबत घातलं होतं, माहेरची तिची हातोटी. मडक्यावर काळी साय आली आणि असा वास सुटला की कुत्रंही जवळ येईना. ते तिने लांब नेऊन पुरलं, कोणाला सांगितलं नाही. सोयाबीन नासणं हा आमच्यात वाईट शकुन. पण शेजारणीच्या घरामागेही तिला ताजी उकरलेली माती दिसली, तिच्या पलीकडच्या घरामागेही. सगळ्याच गप्प होत्या.

आधी लहान मुलांची पोटं बिघडली, मग म्हाताऱ्यांची. चिबी चालायची ती पुन्हा रांगायला लागली, मग तेही सोडून पडून राहू लागली. दात येत असतील असं येसुल स्वतःला सांगायची आणि दिवसातून दहा वेळा तिच्या टाळूवर हात ठेवून बघायची, टाळू खोल गेलीय का.

घोड्यांनी विहिरीचं पाणी तोंडाला लावणंच बंद केलं होतं. त्यांच्यासाठी दूरच्या टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी बैलावरून यायचं. झरा करंगळीएवढा, घोड्यांपुरतंच पाणी मिळायचं, आणि त्यावर पहारा असायचा. एक दिवस मुगोन भर दुपारी घरात आला आणि अंगरख्याखालून भोपळ्याचं तुंबडं काढलं. घाईत निम्मं पाणी सांडलं.

“पाज हिला. लवकर.”

“कोणी पाहिलं?”

“माहीत नाही. पाज आधी.”

चिबी ते पाणी घटाघटा प्यायली आणि तिने आणखी मागितलं. आणखी नव्हतं. येसुल मला म्हणायची, “तोवर वाटत होतं पोरीला रोग झालाय. त्या दिवशी कळलं, तिला तहान लागली होती.”

दुसऱ्या तुंबड्याचं धाडस मुगोनला झालं नाही. झऱ्यावर एकाला पकडून किनाऱ्यावर खांबाला बांधलं होतं. त्याच सुमारास काही घरं रिकामी सापडली, माणसं निघून गेलेली. लगेच पहाऱ्याच्या नायकाने दवंडी पिटली: जो जाईल तो फितूर, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांना त्याची शिक्षा. थोरल्या राजपुत्रांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ते म्हणे रोज नवीन विहिरीची जागा शोधत हिंडायचे. पण दवंडी झाली ती झाली. लोक एकमेकांच्या दाराकडे बघायला लागले. कोणाची चूल पेटली नाही, कोणाचं मडकं बाहेर नाही. ते बघणं भीतीचं की हेव्याचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

येसुलने ठरवलं आणि जेवताना सांगितलं.

“मी ताईकडे जाते. चिबीला घेऊन.”

मुगोनने वाडगं खाली ठेवलं. “डोकं फिरलंय का तुझं? पकडलं म्हणजे?”

“नाही गेले तर ही आठ दिवस काढत नाही.”

“आणि माझं काय करतील? आईचं?”

“मग तुम्हीच सांगा काय करू. सांगा ना. मी तेच करीन.”

तो उठून घोड्यांकडे गेला. येसुलला वाटलं, आता सासू दाराशी आडवी पडेल. ओहाल म्हणजे थोरल्यांच्या घराण्याचं नाव निघालं की उभी राहणारी बाई. तिच्या बापाने त्यांच्या आजोबांचे घोडे राखले होते. तिने चुलीत काडी सारली. मग म्हणाली, “जाशील तर खाजणाच्या चिखलातून जा. रस्त्यावर पहारा आहे. शिंपल्या वेचणाऱ्या बायांकडे कोण बघतंय?”

“आणि तुम्ही, सासूबाई?”

“मी कुठे जातेय या गुडघ्यांनी? तू जा. माझ्यापुढे रडू नकोस मात्र, मला जमत नाही ते.”

सकाळची ओहोटी लागली तशी येसुल टोपली घेऊन इतर बायांबरोबर उतरली. चिबी पाठीवर, वरून फडकं. बाया वाकून चिखल उकरत होत्या. तीही उकरत होती, पण दर वेळी दोन पावलं पुढे. पुढच्या कड्याला वळसा घातला की पहाऱ्याच्या टेकडीवरून माणूस दिसत नाही, हे तिने हेरून ठेवलं होतं. कडा हाताच्या अंतरावर आला आणि मागून आवाज आला.

“ए बाई! किती लांब चाललीस? भरती येईल!”

तिने वळून टोपली उंच केली. “इकडे मोठ्या आहेत!”

“असतील! माघारी फीर!”

“येते, येते!” म्हणाली आणि वाकून उकरायला लागली. हातात काही येत नव्हतं, नुसता चिखल. पहारेकरी बघतोय की नाही हे बघायची तिची छाती होईना. मग कोणी तरी बाई निसरून पडली, हशा पिकला, आणि येसुल कड्याआड गेली.

पलीकडे चिखल गुडघ्याएवढा होता. गवती जोडे आधी गेले. टोपली तिने टाकून दिली. तिला वाटलं होतं पाणी समुद्राकडून येईल, समोरून, दिसत दिसत. ते तसं येत नाही. आधी चिखलातल्या ओहोळांतून मागून शिरतं, गपचूप, आणि तुम्ही वाळूच्या उंचवट्यावर उभे असता तेव्हा मागची वाट गेलेली असते. ती मांडीभर पाण्यातून निघाली, मग कमरेभर. चिबीला तिने फडक्यासकट डोक्यावर घेतलं. पोरगी रडत नव्हती, आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली. तिने तिच्या पायाला करकचून चिमटा काढला. चिबी किंचाळली. “ते किंचाळणं ऐकत मी काठाला लागले,” मावशी म्हणायची. “थांबली की पुन्हा चिमटा काढायचे. पाय काळानिळा झाला होता.”

तिथून नदीची वाट दोन दिवसांची. तिला जास्त लागले. रानातल्या ओढ्याचं पाणी ती चिबीला पाजत गेली, आणि घोड्याच्या टापा ऐकू आल्या की झुडपात बसत गेली. मनात एकच चालू होतं. आज मुगोनला विचारलं असेल, तुझी बायको कुठे आहे.

धाकट्यांच्या विर्येचा मेढेकोट, म्हणजे खांबांची तटबंदी, तेव्हा नवाकोरा होता, लाकडांना डिंक सुटलेला. त्यातले कितीतरी खांब माझ्या वडिलांनी तासलेले. फाटकावरच्या माणसांनी येसुलला वीस पावलांवर थांबवलं.

“कुठली गं तू?”

खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं. पण तिच्या घागऱ्याच्या काठाला मिठाची पांढरी रेघ वाळली होती. तिने तिकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं.

“समुद्राकडची. माझी बहीण आत आहे. येरान. गारू सुताराची बायको.”

“समुद्राकडच्यांना आत घेत नाहीत. तिकडे पोटाचा रोग आहे.”

“रोग नाही हो, पाणी आहे. पाणी वाईट आहे तिथलं.”

“ते आम्हाला काय माहीत? तुझ्या आधी आलेलं एक घर फाटकाबाहेरच मेलं.”

कोणीतरी आईला सांगायला गेलं. आई धावत आली ती मला पदराआड पाजत असतानाच. दोन खांबांच्या फटीतून तिने बहिणीला पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही.

“येसुल? अगं, काय झालंय तुझं? चिबी कुठाय?”

येसुलने पाठीवरचं फडकं बाजूला करून दाखवलं. आई लगेच वळली. फाटकवाल्यांना म्हणाली, “उघडा.”

“तिला आत नाही घेता येणार, वहिनी.”

“तिला कोण म्हणतंय? मला बाहेर जायचंय.”

तेवढ्यात वडील आले, हातात लाकूड तासायचा वाकस तसाच. “येरान, तू बाहेर गेलीस तर तुलाही परत आत घेणार नाहीत.”

“मग नका घेऊ.”

“आणि आपली पोर?”

“आपल्या पोरीला पाजायला शेजारीण आहे. तिच्या पोरीला कोण आहे?”

मला तिने शेजारणीच्या हातात दिलं आणि ती बाहेर गेली. ही गोष्ट ऐकताना मला अजूनही इथे जरा लागतं. आईला मी कधी तसं म्हटलं नाही. मावशीचं दूध आटलेलं, म्हणून चिबी माझ्याच आईच्या दुधावर पुन्हा उभी राहिली आणि मी शेजारणीच्या. असं आमचं दोघींचं बहिणीपण.

नदीकाठच्या बोरूंचं खोपटं बांधून दोघी तिथे राहिल्या. वडील रोज कोटावरून दोरीने मडकं सोडायचे, राळ्याची कांजी, कधी मासा. पहिले काही दिवस ते आईशी बोलतच नव्हते. मडकं सोडायचे आणि नदीकडे बघत उभे राहायचे. मग एक दिवस वरून विचारलं, “पोरगी बसायला लागली का?”

“लागली.”

“बरं,” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मडक्यात लाकडाचा छोटा घोडा होता.

चिबी सुधारत होती आणि येसुल झिजत होती. तिला झोप नव्हती. मुगोनला खांबाला बांधलंय असं ती जागेपणीच बघायची. आई म्हणायची, “तुला काय माहीत बांधलंय म्हणून?” ती म्हणायची, “आणि तुला काय माहीत नाही म्हणून?”

पानं गळून गेल्यावर पश्चिमेकडून घोडेस्वार आले. थोरल्यांचं निशाण होतं. येसुल चिबीच्या तोंडावर हात ठेवून खोपट्यात आडवी झाली. स्वार फाटकापाशी उतरले, थोरले राजपुत्र आणि त्यांची मोठी माणसं आत गेली आणि घोडे पाण्यावर आणले गेले, नेमके खोपट्याच्या खालच्या अंगाला. घोडे आणणारा मुगोन होता.

जिवंत होता. हात, पाय, कान, सगळं जागेवर. बोरूंच्या फटीतून तिने आधी तेच मोजलं. घोडे पाण्यात तोंड घालून पीत राहिले, श्वास घ्यायला मान वर करायचे आणि पुन्हा प्यायचे. मुगोन त्यांच्याकडे बघत उभा. मग त्याची नजर खोपट्यावर आली. लाकडाचा घोडा दाराशी पडला होता आणि त्याच्या मागे चिबीचा पाय बाहेर आलेला. त्याने पाहिलं, हे येसुलने पाहिलं. दुसरा मोतद्दार शेजारी उभा होता. मुगोनने तोंड फिरवलं आणि घोडे घेऊन वर गेला. मागे वळलाही नाही.

“चिडलाय तो माझ्यावर,” येसुल म्हणाली.

“वेडी आहेस का? दुसरा माणूस होता ना बरोबर.”

“नाही ताई. ते तोंड मला माहीत आहे. घरी काहीतरी झालंय.”

आत थोरल्यांनी काय पाहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेली कोठारं, कोरडी घरं, रस्त्यात खेळणारी पोरं. ते कोणाशी फार बोलले नाहीत म्हणतात. परत गेले आणि हिवाळा संपायच्या आत वारले. काही म्हणतात पस्तावून, काही म्हणतात तेही तेच पाणी प्यायले होते. बर्फ वितळू लागलं तेव्हा मिचुहोलची सगळी माणसं निघून विर्येला आली.

गाण्यात येतं ते हेच येणं. आईने आणि मावशीने ते खोपट्यातून पाहिलं. माणसांची लांब रांग आली आणि वीस पावलांवर आपोआप थांबली, कोणी न सांगता. फाटक उघडलं, पण आतली माणसंही दारातच थांबली, तोंडावर फडकी धरून. बाहेरच्यांना वाटत होतं, फितूर म्हणून कापतील. आतल्यांना वाटत होतं, रोग आत येतोय. कोणी हलेना. शेवटी कुणाचं तरी डुक्कर सुटून धावत फाटकातून आत गेलं आणि त्याच्यामागे शिव्या देत एक म्हातारा गेला. त्याला कोणी अडवलं नाही, हे पाहून दुसरा गेला, मग तिसरा.

मुगोन शेवटी आला, एका म्हाताऱ्या घोड्याला धरून. त्याच्या पाठीवर बिऱ्हाड होतं. ओहाल नव्हती. येसुलने बिऱ्हाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिथेच खाली बसली.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “मी गेले म्हणून त्यांना...”

“ऐक आधी,” मुगोनही समोर उकिडवा बसला. “तू गेलीस त्याच दिवशी पहारेकरी आले होते. आईने दारात उभं राहून सांगितलं, सून आत तापाने फणफणलीय, अंगावर फोड आलेत, बघायचं तर या. ते कसले येतात? रोज विचारायचे, रोज ती नवीन काहीतरी सांगायची. आज केस गळाले. आज आंधळी झाली. आज तर बडबडायला लागलीय.” तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. “शेवटी तुला आणि चिबीला मारूनही टाकलं तिने. गवताचा भारा पुरला आम्ही दोघांनी, आणि ती अशी रडली की नायकाची बायको कांजी घेऊन आली.”

“मग त्या दिवशी नदीवर तोंड का फिरवलंत?”

“तू मेलेली होतीस ना. मेलेल्या बायकोकडे बघून रडलो असतो तर सगळेच गेलो असतो.”

“आणि सासूबाई?”

“पोटच. मी परत गेलो तेव्हा उठत नव्हती. तिला सांगितलं, चिबीचा पाय पाहिला, चांगला गोंडस झालाय. तिने दोनदा विचारलं, कुठला पाय.”

“जवळ कोण होतं?”

“मी. घोडे सोडून आलो होतो.”

चिबी तोवर मुगोनच्या घोड्याच्या पायांत जाऊन उभी राहिली होती. त्याने तिला उचललं. तिने त्याला ओळखलं नाही आणि आईकडे जाण्यासाठी हात पुढे केले. आईने, म्हणजे माझ्या आईने, तिला घेतलं, आणि सगळे फाटकाकडे निघाले. तिथे शेजारीण मला कडेवर घेऊन वाट बघत होती.